हरितगृह की पांघरूण?

‘हरितगृह परिणाम म्हणजे काय?’ या प्रश्नाला बहुतेक विद्यार्थ्यांचे उत्तर ठरलेले असते : ‘प्रदूषणामुळे पृथ्वीचे तापमान वाढते, त्याला हरितगृह परिणाम म्हणतात.’ वाक्य शुद्ध आहे आणि त्याला गुणही मिळतात. पण त्यात एक मोठी गोष्ट राहून जाते. हरितगृह परिणाम नसता तर हे उत्तर लिहायला विद्यार्थी नसता आणि तपासायला शिक्षकही नसता. पृथ्वीवर माणूस आहे, गहू आहे, गाय आहे, कडुनिंब आहे, ते याच परिणामामुळे. संकट त्याच्या वाढण्यातून आले आहे.

प्रस्तुत लेखक साहित्याचा अध्यापक आहे, भौतिकशास्त्राचा नव्हे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण वर सांगितलेली गल्लत जितकी विज्ञानाच्या अपुऱ्या माहितीतून होते, तितकीच शब्दांतूनही होते. ‘हरित’ हे विशेषण आपल्या कानांना शुभ वाटते. हरितक्रांती, हरित ऊर्जा, हरित पट्टा या शब्दांच्या पंगतीत ‘हरितगृह वायू’ येऊन बसतो आणि लगेच त्याच्यापासून सावध राहा असे सांगितले जाते. ज्या काचेच्या घरावरून हा शब्द आला, ते घर आपल्यापैकी फार थोड्यांनी आतून पाहिलेले असते. मालव्यातल्या मराठी मुलाची अडचण आणखी वेगळी. तो हा विषय शाळेत हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकतो. घरी मराठीत त्यावर बोलायची वेळ आली की त्याच्याजवळ पाठ केलेली व्याख्या असते, अनुभवातला शब्द नसतो. तो अनुभवातला शब्द शोधण्याचा हा एक प्रयत्न आहे.

मालव्याची रात्र

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि मालव्याची रात्र नामांकित, असे उत्तरेत पूर्वापार म्हटले जाते. ‘शबे मालवा’ ही कवींची लाडकी कल्पना खरी; पण तिच्यामागे भौतिकशास्त्रही आहे. इंदूरच्या परिसरात जानेवारीत दुपारचे तापमान साधारण २६-२७ अंश सेल्सिअस असते आणि पहाटे ते १० अंशांच्या आसपास उतरते. म्हणजे दिवस-रात्रीत पंधराहून अधिक अंशांचा फरक. ऑगस्टमध्ये हाच फरक सहा-सात अंशांवर येतो. सूर्य दोन्ही ऋतूंत मावळतोच. मग पौषातली रात्र एवढी गार आणि श्रावणातली रात्र एवढी कोमट का?

तापलेला तवा चुलीवरून उतरवला तरी हात जवळ नेताच ऊब लागते. तव्यातून प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर पडत असतात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानानुसार असे किरण सोडते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश तापलेला असल्यामुळे त्याची पुष्कळशी ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या रूपाने येते. जमीन त्या मानाने फारच थंड. म्हणून ती मिळालेली ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने परत करते. दिवसा जमा जास्त असते, रात्री नुसता खर्च चालतो.

मालव्याचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे-सहाशे मीटर उंच आहे. हिवाळ्यात इथली हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. जमिनीतून निघालेल्या किरणांपैकी बराच भाग वाटेत न अडता अवकाशात निघून जातो आणि जमीन झपाट्याने गार होते. श्रावणात हवेत बाष्प भरलेले असते आणि वर ढग असतात. हे दोन्ही अवरक्त किरण शोषून घेतात आणि त्यांचा बराचसा भाग पुन्हा खाली जमिनीकडे पाठवतात. जमिनीवर जणू कोणी गोधडी घातलेली असते.

शेतकऱ्याला हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. जानेवारीतल्या एखाद्या निवांत, निरभ्र रात्री इथे ‘पाला पडतो’. मराठीतल्या झाडपाल्याशी या पाल्याचा काही संबंध नाही. दव पानांवरच गोठते, त्याला मालव्यात पाला म्हणतात. हरभरा आणि बटाटा एका रात्रीत करपून जातो. आकाशात ढग असतील त्या रात्री मात्र शेतकरी निश्चिंत झोपतो. भीती असलेल्या रात्री तो शेताला हलके पाणी देतो आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो. उघड्या पडलेल्या शेतावर तो आपल्या परीने एक पांघरूणच घालत असतो.

पांघरूण कशाचे?

पांघरूण हा शब्द इथे नेमका लागू पडतो. पांघरूण स्वतः ऊब निर्माण करत नाही. अंगाची ऊब अंगाशी ठेवते. पृथ्वीभोवतीच्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन आहे. यांचे रेणू दोन सारख्या अणूंचे बनलेले असतात आणि अवरक्त किरणांना ते जवळजवळ अडवतच नाहीत. उरलेल्या टक्क्यात मुख्य वाटा आरगॉनचा. तोही या बाबतीत उदासीन. म्हणजे हवेचा नव्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग पांघरुणाच्या कामाचा नाही. ते काम बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड असे अल्प प्रमाणातले वायू करतात. त्यांच्या रेणूंची रचना अशी असते की अवरक्त किरण मिळताच ते थरथरतात, ऊर्जा घेतात आणि मग सर्व दिशांना सोडतात. त्यातला काही भाग खाली परततो. हाच नैसर्गिक हरितगृह परिणाम.

त्याचे मोलही आकड्यांत सांगता येते. पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअस आहे. हे वायू नसते आणि बाकी सारे आहे तसेच राहिले असते, तर ते सुमारे उणे १८ अंश असते. नद्या, समुद्र, शेते सगळे गोठलेले. चंद्र सूर्यापासून जवळपास आपल्याइतकाच दूर आहे, पण त्याला हवेचे पांघरूण नाही. तिथे दिवसा तापमान शंभराच्या वर जाते आणि रात्री उणे शंभराच्याही खाली उतरते. शुक्राची स्थिती याच्या उलट. त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडची जाड दुलई आहे आणि त्याचा पृष्ठभाग ४६० अंशांच्या आसपास तापलेला आहे. सूर्याच्या अधिक जवळ असलेल्या बुधापेक्षाही जास्त. चंद्र, पृथ्वी आणि शुक्र ही तीन नावे फळ्यावर शेजारी लिहिली की उघडे अंग, बेताचे पांघरूण आणि गुदमरवणारे पांघरूण हा फरक कोणत्याही विद्यार्थ्याला समजतो.

काचघराचे रूपक कुठून आले?

प्रत्येक पारिभाषिक शब्दाला एक इतिहास असतो. १८२४ साली फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांनी असा विचार मांडला की सूर्यप्रकाश वातावरणातून जितक्या सहज आत येतो, तितक्या सहज पृथ्वीची उष्णता बाहेर जात नाही. त्यासाठी त्यांनी काचा बसवलेल्या एका पेटीचा दाखला दिला. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापते असे दाखवले. १८५९ पासून लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी कोणता वायू उष्णतेचे किरण किती शोषतो हे मोजले. १८९६ साली स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित हाताने केले. त्यांचेच देशबांधव नील्स एकहोल्म यांनी १९०१ साली वातावरणाला रोपघराच्या काचेची उपमा दिली. पुढे तीच उपमा रूढ झाली आणि ‘हरितगृह’ होऊन मराठीत आली.

उपमा ठसठशीत आहे, पण तिच्यात एक खोट आहे. १९०९ साली रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने दोन पेट्या घेतल्या. एकीला काचेचे झाकण घातले, दुसरीला खनिज मिठाच्या पारदर्शक तक्त्याचे. काच अवरक्त किरणांना अडवते. असे मीठ अडवत नाही. तरीही दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. काचघर मुख्यतः तापते ते आतली गरम हवा वर निसटू शकत नाही म्हणून. उन्हात काचा लावून ठेवलेली मोटार तापते आणि काच थोडी खाली करताच निवते, तेही त्यामुळेच. वातावरणात काच नाही. तिथे हवा खुशाल वर-खाली फिरते आणि अडतात ते किरण.

अर्थात पांघरूण हेही रूपकच आहे आणि त्यालाही मर्यादा आहेत. अंगावरचे पांघरूण बाहेरचा प्रकाशही अडवते. हवेचे पांघरूण सूर्यप्रकाशाला वाट देते आणि फक्त परतीच्या किरणांना अडवते. अंगावरची गोधडीदेखील बरीचशी हवेची हालचाल थांबवूनच ऊब राखते. तरीही एका बाबतीत हे रूपक काचघरापेक्षा सरस ठरते : पांघरूण म्हटले की जाडीचा प्रश्न आपोआप मनात येतो. किती पांघरावे, हा विचार काचघर सुचवत नाही, गोधडी सुचवते. आणि या साऱ्या विषयाचे मर्म त्या ‘किती’मध्येच आहे.

पांघरूण जाड होते तेव्हा

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते प्रमाण ३१५ च्या आसपास होते. २०२४ साली ते ४२० च्या पुढे गेले होते. मिथेनचे प्रमाण याच काळात अडीच पटींहून अधिक झाले आहे.

दहा लाखांत चारशे वीस म्हणजे एक टक्क्याचा विसावा भागही नव्हे. एवढ्याशाने काय होणार, ही शंका रास्त आहे. पण पातेलेभर दुधाला रंग द्यायला केशराच्या चार काड्या पुरतात, कारण बाकीचे दूध रंगाच्या बाबतीत तटस्थ असते. हवेतही तसेच आहे. नायट्रोजन आणि ऑक्सिजन तटस्थ असल्यामुळे अडवणाऱ्या थोड्या रेणूंना महत्त्व येते.

पांघरूण जाड होण्याची क्रिया अशी. उष्णता अखेर अवकाशात निसटते ती वातावरणाच्या वरच्या थरांतून. हे वायू वाढले की निसटण्याची जागा आणखी वर सरकते. वरची हवा जास्त थंड असते आणि थंड वस्तू कमी किरण सोडते. मग सूर्याकडून होणारी जमा तेवढीच राहते आणि खर्च घटतो. शिल्लक उष्णता साठत जाते. तिचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग समुद्र पोटात घेतो. जमाखर्च पुन्हा जुळेपर्यंत पृथ्वी तापत राहते.

यात बाष्पाची भूमिका व्याजावरच्या व्याजाची आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. बाष्प स्वतः सर्वांत प्रभावी हरितगृह वायू. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडने सुरू केलेली वाढ बाष्प पुढे वाढवते. मात्र बाष्प काही दिवसांत पाऊस होऊन खाली येते. कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतके हवेत राहतो. कर्जाचे मुद्दल तो आहे.

हे मुद्दल आपण कसे वाढवतो? एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते. ते जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण पेट्रोलमधल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू जोडले जातात. इंदूरहून मोटारसायकलने गौतमपुऱ्याला जाऊन परत येणे म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास; दोन लिटर पेट्रोल धरले तर साडेचार किलोंहून अधिक वायू मागे राहतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, म्हणून हिशेबात येत नाही. घरातला दिवा लावला तरी गोष्ट तीच. खंडवा जिल्ह्यातल्या श्री सिंगाजी औष्णिक वीज केंद्रात २,५२० मेगावॅट क्षमतेची यंत्रे कोळशावर चालतात. भारतातला बहुतेक कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा आहे. त्या झाडांनी लाखो वर्षांत हवेतून काढून जमिनीत पुरलेला कार्बन आपण दोन-तीन शतकांत पुन्हा हवेत सोडत आहोत.

कशावरून माणसामुळे?

वाढलेला वायू ज्वालामुखीतून किंवा समुद्रातून आला नसेल कशावरून? कार्बनच्या अणूंवरून तो माग काढता येतो. सजीवांमध्ये कार्बन-१४ हा किरणोत्सारी अणू थोडा असतो आणि मरणानंतर तो हळूहळू नाहीसा होतो. कोट्यवधी वर्षे पुरलेल्या कोळशात तो उरलेलाच नसतो. कोळसा आणि तेल जाळले की हवेतल्या कार्बनमध्ये या ‘जुन्या’ कार्बनची भेसळ वाढते, आणि ती प्रत्यक्ष मोजली गेली आहे.

मग सूर्यच प्रखर झाला नसेल का? १९७० च्या दशकाच्या अखेरपासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. तापमानवाढीचे कारण ठरेल अशी वाढ तीत आढळलेली नाही. दुसरा पुरावा अधिक बोलका आहे. सूर्य प्रखर झाला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि स्थितांबर नावाचा वरचा थर थंड होतो आहे. शेकोटी वाढवली तर गोधडीची बाहेरची बाजूही तापेल. गोधडी जाड केली तर आत ऊब वाढेल. पृथ्वीवर दिसते आहे ते गोधडी जाड झाल्याचे लक्षण.

आंतरसरकारी हवामान बदल मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार, २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे तापमान १८५०-१९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंशाने अधिक होते. जागतिक हवामान संघटनेने २०२४ या वर्षाची वाढ सुमारे दीड अंश नोंदवली. नोंदींच्या इतिहासातले ते सर्वांत उष्ण वर्ष. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० साली भारतापुरता अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९८६ ते २०१५ या तीस वर्षांत वर्षातला सर्वांत उष्ण दिवस ०.६३ अंशाने आणि सर्वांत थंड रात्र ०.४ अंशाने तापली.

सकाळ-दुपारमध्ये पंधरा अंशांचा फरक सोसणाऱ्याला एक-दीड अंश किरकोळ वाटतो. पण ही सरासरी आहे. शरीराचे तापमान ३७ वरून साडेअडतीस झाले की आपण त्याला ताप म्हणतो आणि कामावर जात नाही. शेवटच्या हिमयुगात उत्तर अमेरिका आणि युरोपचा मोठा भाग बर्फाखाली होता, तेव्हा पृथ्वीची सरासरी औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीहून पाच-सहा अंशांनीच कमी होती.

तीन गोंधळ

पहिला गोंधळ धुराचा. गौतमपुरा हे मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांचे नाव मिरवणारे, इंदूर जिल्ह्याच्या देपालपूर तहसिलातले गाव. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे हिंगोट युद्ध होते. हिंगोटाची पोकळ केलेली फळे दारूगोळ्याने भरायची, पेटवायची आणि समोरच्या दळावर फेकायची. गौतमपुऱ्याचे दळ तुर्रा आणि शेजारच्या रुणजीचे कलगी. शाहिरीतल्या कलगी-तुऱ्यामुळे ही नावे मराठी माणसाला लगेच ओळखीची वाटतात. कार्तिकातल्या त्या निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा थंड आणि जड होते आणि धूर वर न जाता मैदानावरच रेंगाळतो. अशा धुराला लोक तापमानवाढीचे कारण समजतात. पण डोळ्यांना झोंबणारा हा धूर म्हणजे बारीक कण. ते काही दिवसांत खाली बसतात किंवा पावसाने धुऊन जातात. कित्येक प्रकारचे कण तर सूर्यप्रकाश अडवून थोडा गारवाच आणतात. धूर फुप्फुसांना घातक आहे, त्याचा बंदोबस्त हवाच. पण तापमान वाढवणारा मुख्य वायू निळ्या, स्वच्छ आकाशातही असतो. ‘प्रदूषणामुळे तापमान वाढते’ या वाक्यातली गल्लत इथे आहे.

दुसरा गोंधळ ओझोनचा. ओझोनच्या थराला पडलेल्या ‘भोकातून’ उष्णता आत येते, असे अनेक विद्यार्थी लिहितात. ओझोनचा थर सूर्याचे अतिनील किरण अडवतो. तो विरळ झाला की त्वचेला आणि डोळ्यांना अपाय होतो. ते संकट वेगळे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते आटोक्यात येऊ लागले. जुन्या शीतकपाटांतले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोन नष्ट करतात आणि उष्णताही अडवतात, म्हणून या दोन गोष्टींची सांगड घातली जाते; पण एक थर विरळ होण्याची गोष्ट आहे, दुसरी पांघरूण जाड होण्याची.

तिसरा गोंधळ खास मराठीचा. हिंदीत आजच्या स्थितीला ‘मौसम’ आणि दीर्घकाळच्या स्वभावाला ‘जलवायु’ असे दोन शब्द आहेत. मराठीत दोन्हींसाठी आपण ‘हवामान’ वापरतो. उद्याच्या पावसाचा अंदाज हवामानाचा आणि शंभर वर्षांतला बदलही हवामानाचाच. म्हणून कडाक्याची थंडी पडली की ‘कुठे आहे तुमचा हवामान बदल?’ असा प्रश्न येतो. वास्तविक आपल्याजवळ एक जुना, घरगुती शब्द आहे : हवापाणी. ‘तिथले हवापाणी मानवले नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या दिवशीच्या पावसाबद्दल बोलत नसतो. त्या प्रदेशाच्या कायमच्या स्वभावाबद्दल बोलत असतो. शास्त्रज्ञही साधारण तीस वर्षांच्या सरासरीवरून तोच स्वभाव ठरवतात. ‘जलवायु’ची मराठी जोड ‘हवापाणी’मध्ये अगदी जशीच्या तशी सापडते. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या मालव्यातल्या मराठी शिक्षकाला ही जोड सहज दाखवता येईल.

शेतात काय घडते?

मालव्याच्या मातीत पावलोपावली भाकरी आणि पाणी, असा या भूमीचा लौकिक आहे. भाकरीचा हिशेब पाहू. गव्हाचा दाणा भरण्याचा काळ फेब्रुवारी-मार्चचा. त्या वेळी गारवा असेल तर दाणा सावकाश, टपोरा भरतो. अचानक उष्मा वाढला तर पीक घाईने पिकते आणि दाणा चिमतो. २०२२ चा मार्च हा देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्या वर्षी सरकारला गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज कमी करावा लागला आणि १३ मे रोजी निर्यातीवर बंदी आली. एका वर्षाचा उष्मा हा एकट्या तापमानवाढीचा पुरावा नसतो. पण पाया उंचावला की अशी वर्षे वारंवार येतात. इंदूरच्या गहू संशोधन केंद्रात उष्मा सोसणाऱ्या आणि कमी पाण्यावर येणाऱ्या वाणांवर काम चालते, ते यासाठीच.

पाण्याचा हिशेबही बदलतो आहे. पुण्याच्या संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पातल्या वाढत्या चढउतारांशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. सोयाबीन पिकवणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही : पाऊस लांबतो, आणि येतो तेव्हा एकदम येतो.

अंथरूण पाहून

उपायांच्या याद्या सर्वत्र छापल्या जातात. इथे इंदूरचीच दोन उदाहरणे पुरेत. होळकरांच्या इंदुरात १९२४ साली वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा आणि शेण थरांत रचून, हवा खेळती ठेवून खत करण्याची रीत सिद्ध केली आणि १९३१ साली ती पुस्तकरूपाने मांडली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तेव्हा तापमानवाढीचा विषय कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. हेतू मातीचा कस वाढवण्याचा होता. पण पेटवला जाणारा काडीकचरा मातीत गेला की त्यातला काही कार्बन जमिनीतच राहतो आणि हवा खेळती असेल तर मिथेनही कमी तयार होतो. त्या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे. दुसरे उदाहरण २०२२ सालचे : शहरातल्या रोजच्या ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधन वायू बनवण्याचा प्रकल्प. उकिरड्यावर कुजून जो मिथेन हवेत गेला असता, तो इथे बंदिस्त करून वाहनांत जाळला जातो. मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता अडवतो. म्हणून त्याला रोखण्याचा लाभ लवकर दिसतो.

एवढ्याने पांघरूण पातळ होणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. मुख्य भार कोळसा आणि तेलाचा आहे. त्यातही सर्वांचा वाटा सारखा नाही. भारतातल्या माणसामागचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण गरिबाला ऐकवतो. या प्रकरणात ती आधी ज्यांनी दोन शतके पाय पसरले त्यांना ऐकवावी लागेल; पण झळ बसते ती देपालपूरच्या शेतकऱ्यालाही, म्हणून स्वस्थ बसणे आपल्याला परवडणारे नाही.

भाषेच्या शिक्षकाकडे या विषयातले लहान पण नेमके काम येते. ‘हरितगृह परिणाम’ ही संज्ञा आता रुळली आहे. ती बदलण्याचा आग्रह व्यर्थ आहे. मात्र ती सांगताना शेजारी पांघरूण ठेवावे, ‘हवामान बदल’ सांगताना हवापाणी आठवावे आणि ‘प्रदूषण’ या शब्दाने सगळे झाकून टाकू नये. प्रश्नपत्रिकेतही एक साधी दुरुस्ती करता येईल. ‘हरितगृह परिणाम म्हणजे काय?’ एवढेच न विचारता असे विचारावे : ‘हरितगृह परिणामामुळे पृथ्वीवर काय टिकून राहिले आहे, आणि त्यात भर पडल्यामुळे काय बिघडते आहे?’ या प्रश्नाचे उत्तर पाठ केलेल्या एका वाक्यात देता येणार नाही. विद्यार्थ्याला थांबून विचार करावा लागेल आणि तो आपल्या शब्दांत लिहील.